उत्तर: जुने मॉन्स्टरपट पुन्हा का चालत नाहीत?

'लोकांना या जुन्या भुताखेतांचा कंटाळा आलाय, म्हणून २०१७चा 'द ममी' आपटला' हे इथल्या एका उत्तरातलं म्हणणं पटत नाही. 'द ममी' काढणाऱ्या युनिव्हर्सल या हॉलिवूड स्टुडिओचाच 'द इनव्हिजिबल मॅन' २०२० मध्ये जेमतेम ७० लाख डॉलरमध्ये बनला आणि जगभरात तेरा कोटींच्या वर कमावून गेला. टॉम क्रूझला घेऊन आधी अख्ख्या 'डार्क युनिव्हर्स'ची (एकमेकांत गुंफलेल्या मॉन्स्टरपटांच्या मालिकेची) दवंडी पिटायची आणि सिनेमाकडे नंतर बघायचं, यात ममी बिचारी काय करणार?

जुना राक्षस नव्याने कसा उभा करायचा याचं उदाहरण म्हणजे हॅमर, अजून कुणी तिचं नाव काढलं नाही म्हणून लिहितोय. १९५६ मध्ये या छोट्या ब्रिटिश सिनेमा कंपनीने फ्रँकेन्स्टाइन करायला घेतला, तेव्हा मूळ कादंबरी कॉपीराइटविना सगळ्यांना खुली होती, पण युनिव्हर्सलच्या जुन्या सिनेमात मेकअपवाल्या जॅक पिअर्सने राक्षस झालेल्या नट बोरिस कार्लोफला दिलेला चेहरा (चपटं डोकं, मानेला बोल्ट) युनिव्हर्सलच्या मालकीचा. त्याची नक्कल केलीत तर कोर्टात भेटू, असा दम होताच. मग राक्षस झालेल्या ख्रिस्तोफर लीला ठिगळं लावल्यासारखा, एक डोळा पांढरा पडलेला चेहरा दिला आणि कथेचा भार पीटर कुशिंगच्या बॅरनवर, म्हणजे राक्षस बनवणाऱ्या फ्रँकेन्स्टाइनवर टाकला. खरा राक्षस तोच! शिवाय रंगीत रक्त. पुढच्या भागांतही कथा बॅरनच्याच मागे जात राहिली, राक्षस दरवेळी नवा.

गंमत म्हणजे १९६४च्या 'द इव्हिल ऑफ फ्रँकेन्स्टाइन'च्या वेळी युनिव्हर्सलच वितरक होती, त्यामुळे तो चपट्या डोक्याचा मेकअप वापरायला मिळाला. दिसतो मात्र कागदाच्या लगद्याचा मुखवटा. मला तरी मालिकेतला हाच भाग सगळ्यात फिका वाटतो.