मदत हवी आहे: ओहीला मुलीला काय घालू? तातडीचं

अंजिरी (25 ऑक्टोबर, दुपारी 4:40)
28 ला ओही, ग्रीसचा राष्ट्रीय दिवस. लेकीच्या शाळेतून चिठ्ठी आलीय, तिला संचलनात चालायचंय. भाषांतरातून 'निळं-पांढरं' एवढंच कळलं. स्कर्टच लागतो की पँट चालते? घरी त्या दिवशी काय करतात? उद्या खरेदीला जाणार आहे, लवकर सांगा.

मुक्कामपोस्ट
गाव कुठलं? मुलगी कितवीत?

बोरकूट
बकाल्यारोस करा! खारवलेला मासा तळून, सोबत लसणाची स्कोर्दालिया. आमच्या शेजारच्या आजी दरवर्षी करतात.

पानगळ
तो 25 मार्चचा, म्हणजे स्वातंत्र्यदिनाचा बेत, बोरकूट. ओहीचं असं ठरलेलं पक्वान्न नाही. त्या दिवशी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, अक्रोपोलिससुद्धा. तिथे जा.

सह्यकडा
आधी मुलीला गोष्ट सांगा. 28 ऑक्टोबर 1940, पहाटे तीन वाजता इटलीचा राजदूत ग्रात्सी ग्रीसचा पंतप्रधान मेताक्सासच्या घरी गेला. आमचं सैन्य आत येऊ द्या, म्हणाला. मेताक्सास म्हणाला, "ओही!" नाही!

रानवारा
तो शब्द त्याने उच्चारलाच नाही. बोलणं फ्रेंचमध्ये झालं, "म्हणजे युद्धच" अशा अर्थाचं. आणि 1936 पासून तो हुकूमशहा होता, त्याचा कसला उदोउदो? 'ओही' म्हणाले ते लोक. पिंडस डोंगरात बायकांनी बर्फातून पाठीवर दारूगोळा वाहिला. मुलीला त्या बायकांबद्दल सांगा.

सह्यकडा
हुकूमशहा होता, मान्य. पण नकार त्यानेच दिला ना?

घाटमाथा
इटलीवरून आठवलं, आपल्या रायगडचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला तिथेच लढताना गेले. मराठा लाइट इन्फंट्री. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस.

अंजिरी
अहो, कपडे! गाव थेसालोनिकी. जिम्नासिओ (इथली माध्यमिक शाळा), दुसरं वर्ष.

मुक्कामपोस्ट
थेसालोनिकी?? अगं, उद्या 26, संत दिमित्रिओसचा दिवस. शहराला सुट्टी, दुकानं बंद! शिवाय तिथे 28 ला लष्कराचं संचलन असतं, शाळांचं 27 ला. चिठ्ठीवरची तारीख नीट बघ आणि आत्ता बाहेर पड. पांढरा शर्ट, गडद निळा स्कर्ट किंवा पँट. आमच्याकडे दोन्ही चाललं, तरी वर्गातल्या एखादीच्या आईला विचार. बूट पायात बसलेलेच दे, नवे चावतात.

अंजिरी (रात्री 8:15)
27 च आहे! मी नुसतं 'ओही' वाचून 28 धरलं होतं. पँट मिळाली, लांबीला जास्त आहे, टीप घालतेय. रानवारा, पिंडसच्या बायकांचं तिला सांगितलं. विचारतेय, त्यांच्या पायात काय होतं?