मदत हवी आहे : पाळीची नोकरी आणि रविवारची उपासना

सर्वांना जय ख्रिस्त.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी डिस्पॅच सांभाळतो. पाळी दर आठवड्याला बदलते, आणि महिनाअखेरीला रविवारचा ओव्हरटाइम ठरलेलाच. मग उपासना हुकते.

बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्र 3:23 प्रमाणे काम प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करावं, हे मला मनापासून पटतं. प्रेषित पौल या पत्रात हे दासांना लिहितोय, ज्यांच्या हातात मोबदला ठरवणंही नव्हतं. त्यामुळे त्या वचनाचं वजन मला जास्तच वाटतं. रात्रपाळीत कोणी तपासणार नसलं तरी लेबल आणि नग जुळवूनच मी पेटी बंद करतो.

पण स्तोत्र 127 सांगतं की पहाटे उठणं, उशिरा विसावणं, कष्टाची भाकर खाणं व्यर्थ आहे. आणि मार्क 1 मध्ये सगळे शोधत असताना येशू एकांतात प्रार्थना करतो, नंतर कफर्णहूमला परत न फिरता पुढच्या गावांकडे निघतो. तिथे आजाऱ्यांना बरं करण्याचं काम संपलेलं नव्हतंच! टार्गेट डोक्यावर असताना असं थांबायचं कसं, हेच मला कळत नाही.

पाळीत काम करणाऱ्यांनो, प्रार्थनेची वेळ तुम्ही कशी धरून ठेवता? रात्रपाळीनंतर की आधी? रविवारच्या कामाला नाही म्हणताना सुपरवायझरशी कसं बोललात? माझ्याऐवजी दुसऱ्याला यावं लागतं, तेही मनाला लागतं. कोणा पाळकांनी यावर मार्गदर्शन केलं तर फार बरं होईल.