मदत हवी आहे: रशियन ‘दूमा’ शब्दाचा अर्थ आणि मूळ

नमस्कार मंडळी,

१९०५ च्या रशियन क्रांतीवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. झार दुसऱ्या निकोलसच्या ऑक्टोबर जाहीरनाम्यानंतर जी ‘दूमा’ ही निवडून आलेली सभा आली आणि १९०६ मध्ये अवघ्या ७२ दिवसांत बरखास्त झाली, तिथे माझं अडलंय. शब्दकोशात ‘दूमा’ म्हणजे ‘विचार’ असं दिलंय. विचाराची सभा कशी झाली? आणि मराठीत ‘विधिमंडळ’ लिहावं की मूळ शब्दच ठेवावा? आपली वर्तमानपत्रं ‘ड्यूमा’ लिहितात, तेही मला खटकतंय. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १:
‘दूमा’च लिहा. रशियन उच्चारात सुरुवातीला ‘द’ आहे. ‘ड्यूमा’ इंग्रजीतून आलाय.

अर्थाचं कोडं मराठी माणसाला अवघड जाऊ नये. आपण ‘घरच्यांचा विचार घेतला’ म्हणतो, तेव्हा सल्लाच घेतलेला असतो. ‘दूमात्य’ म्हणजे विचार करणं. जुन्या बखरीत (तिकडे तिला ‘लेतोपिस’ म्हणतात) कीव्हचा राजा व्लादिमीर राज्यकारभार आणि लढाया यांविषयी आपल्या सरदारांबरोबर ‘विचार करत असे’ असा उल्लेख आहे, आणि क्रियापद हेच आहे. सोबतीनं केलेला विचार म्हणजे मसलत. पुढे मसलत करणाऱ्या सरदारांच्या मंडळालाही तेच नाव मिळालं. मॉस्कोच्या झारांची बोयार (म्हणजे सरदार) दूमा ती हीच. कायदे करणारी निवडून आलेली सभा हा अर्थ फार उशिराचा, १९०५-०६ चा. म्हणून सरसकट ‘विधिमंडळ’ लिहू नका, बोयारांच्या काळाला ते लागूच होत नाही.

अजून मागे जायचं तर काही भाषातज्ज्ञ हा शब्द गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेतल्या ‘दोम्स’ (निवाडा) याच्याशी जोडतात. इंग्रजी ‘डूम’ त्याच कुळातला. पण यावर एकमत नाही. भावंडं मात्र बघण्यासारखी आहेत: बल्गेरियनमध्ये ‘दूमा’ म्हणजे शब्द, पोलिशमध्ये अभिमान, आणि युक्रेनमध्ये कोब्झा या तंतुवाद्याच्या साथीवर गायली जाणारी वीरगाथा, म्हणजे साधारण आपला पोवाडाच.

मूळ प्रश्नकर्ती:
मनापासून आभार! ‘विचार घेणे’ माझ्या तोंडात रोज असतं, तरी सुचलं नव्हतं. पहिल्या उल्लेखाला ‘दूमा, म्हणजे मसलतीची सभा’ असं लिहून पुढे नुसतं ‘दूमा’ ठेवते. १९९३ च्या राज्यघटनेनं आलेल्या आजच्या ४५० सदस्यांच्या सभागृहालाही हेच चालेल ना?

प्रतिसाद १:
तिथे ‘राज्य दूमा’ असं पूर्ण नाव लिहा, आणि संसदेचं कनिष्ठ सभागृह हे एकदा सांगून टाका.