इंग्रजी 'पंच': शब्द एक की तीन?

प्रश्न | दुभाष्या
'पंच' भाषांतरात आला की दरवेळी अडायला होतं. ठोसा, कागदाला भोक पाडायचं यंत्र, लिंबू-साखर घातलेली दारू, शिवाय लंडनच्या बाहुलीखेळातला बाकदार नाकाचा पंच. हा सगळा एकाच शब्दाचा पसारा आहे का? आणि ते पेय आपल्या 'पाच'वरून आलं म्हणतात, ते खरं की थाप?

धातुपाठ
अर्थ चार, कुळं तीन. ठोसा आणि भोक एकाच घरातले. लॅटिनमध्ये 'पुंगेरे' म्हणजे टोचणे. तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत टोच्या आला. मुठीने मारणे हा अर्थ मागाहून चिकटला. पॉइंट, पंक्चुअल ही त्याच लॅटिन धातूची भावकी, आणि रस्त्याकडेला निघतं ते पंक्चरसुद्धा.

बाहुलीवाला पंच साफ परका. नेपल्सच्या विनोदी नाटकातला पुलचिनेल्ला इंग्रजांच्या तोंडी पंचिनेलो झाला आणि पुढे आखडून पंच. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स, त्याने मे १६६२ मध्ये तिथल्या कव्हेंट गार्डनला हा इटालियन बाहुलीखेळ पाहिल्याचं रोजनिशीत लिहिलंय. राहिलं पेय, त्यावरच खरा वाद आहे.

फिटर
वर्कशॉपमध्ये 'टोचणे' हा अर्थ अजून शाबूत आहे, म्हणून एक सूचना. सेंटर पंचला 'भोक पाडायचं हत्यार' लिहू नका. त्याने फक्त खूण उमटते. आधी स्क्रायबरने (धातूवर ओरखडा काढायच्या टोकदार सळईने) रेघा मारतात, त्या जिथे छेदतात तिथे डॉट पंच (टोक ६०°) हलकेच टेकवून ठिपका घेतात. मग त्याच ठिपक्यावर सेंटर पंच (९०°) सरळ उभा धरून हातोडीचा एकच ठोका. ही रुंद खाच नसेल तर ड्रिल पत्र्यावर घसरतं आणि भोक रेघेबाहेर जातं. पंच तिरका धरला तर खाचच सरकते, मग ड्रिलला दोष देऊन उपयोग नाही.

भोक पाडतो तो ऑफिसातला पंच. दोन भोकांच्या मध्यांत ८० मिमी अंतर, भोक साधारण ६ मिमी.

नेरूळकर
पेयाबद्दल. इंग्रजीत हा शब्द १६३२ पासून सापडतो, तोही हिंदुस्थानातल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांच्या पत्रात. 'पाच'चा भक्कम साक्षीदार म्हणजे डॉक्टर जॉन फ्रायर. १६७० च्या दशकात तो इकडे होता. नेरूळला (गोव्यातलं, बार्देशातलं, नवी मुंबईचं नव्हे) उत्तम अरक (गाळलेली कडक दारू) मिळतो, त्यापासून इंग्रज हे पेय करतात आणि पाच जिन्नसांमुळे त्याला हे नाव, असं तो लिहितो. दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला असा हिशेब लोक लावतात.

पण दोन अडचणी आहेत. पहिली जिन्नसांची: त्याच शतकातला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो, त्याच्या प्रवासवर्णनात सुरतेच्या 'पालेपुंट्स' नावाच्या पेयामध्ये दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर एवढंच आहे. चारच! दुसरी उच्चाराची, आणि ती जास्त टोचते. सतराव्या शतकात इंग्रज या शब्दाचा उच्चार 'पुंच'च्या जवळ करत. 'पाँच'चा 'पुंच' का व्हावा? म्हणून काही कोशकार खलाशांच्या 'पंचन' नावाच्या पिंपाकडे बोट दाखवतात. माझं मत: फ्रायरच्या काळी इथल्या इंग्रजांची ही समजूत होती, इतकं पक्कं. त्यापुढे 'बहुधा' लिहावं.

दुभाष्या
आभार मंडळी. मग 'पंच-ड्रंक' पेयाकडे जातो ना?

धातुपाठ
नाही, तिथेच फसायला होतं. तो मुष्टियोद्ध्यांचा शब्द: डोक्यावर ठोसे खाऊन भेलकांडणारा, सुन्न झालेला. दारूचा थेंबही नाही त्यात. 'प्लीज्ड ॲज पंच' मात्र बाहुलीचा. सगळ्यांना बडवून स्वतःवरच खूश होणारा तो. तिथे 'स्वारी भलतीच खूश' चालून जाईल.