मदत हवी आहे : लुबिचच्या बोलपटांना मराठी सबटायटल्स

नमस्कार मंडळी. दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिचचा १९३२ सालचा 'वन अवर विथ यू' परवा पाहिला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. पॅरिसमधला डॉक्टर, बायकोवर जीव ओवाळून टाकणारा, आणि तिचीच जिवलग मैत्रीण त्याच्या मागे लागलेली. डॉक्टर झालेला मॉरिस शेव्हालिए थेट कॅमेऱ्याकडे वळून आपल्यालाच विचारतो, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? हीच गोष्ट लुबिचने १९२४ मध्ये मूकपटात सांगितली होती, पण इथे काही संवाद चक्क यमकात आहेत!

हा सिनेमा मला आईला दाखवायचाय. तिला इंग्रजी संवाद झेपत नाहीत. कोणी मराठी सबटायटल्स केली आहेत का? नसतील तर मी स्वतः बसेन, फक्त यमकं कशी सांभाळावीत ते सुचवा. अर्थ धरावा की लय? मला लय सोडवत नाही.

आणखी एक. १९३४ च्या मध्यात हॉलिवूडची सेन्सॉर संहिता कडक झाली. त्याआधीचे, लग्न आणि बाहेरख्यालीपणावरचे असेच हलकेफुलके बोलपट सुचवाल का? लुबिचचाच 'ट्रबल इन पॅरडाइज' पाहिलाय. त्यात एक अख्खी संध्याकाळ नुसती घड्याळं आणि आवाज यांवर उभी केलीय. इतर दिग्दर्शकांचे सांगा.