पदवी वनस्पतिशास्त्राची, तास भिंगांचा

'दहावीपर्यंत विषयतज्ज्ञ कशाला, बी.एड. झालेला शिक्षक पुस्तक वाचून काहीही शिकवू शकतो' हे मत मला अजिबात पटलं नाही.

मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर. शाळेत विज्ञानाला एकटीच, म्हणून दहावीच्या विज्ञानाचे भाग १ (मुख्यतः भौतिक-रसायन) आणि भाग २ (मुख्यतः जीवशास्त्र) दोन्ही माझ्याकडे. आनुवंशिकता शिकवायला मला पुस्तक उघडावं लागत नाही. पण पहिल्याच वर्षी भिंगांच्या धड्यात एका मुलीने विचारलं, "बाई, अर्धं भिंग काळ्या कागदाने झाकलं तर प्रतिमा अर्धीच पडेल ना?" मी "हो" म्हणून मोकळी झाले. मनात खुटखुट राहिली, म्हणून घरी मेणबत्ती आणि बहिर्गोल भिंग घेऊन बसले. भिंतीवर ज्योत अख्खी, फक्त अंधुक! दुसऱ्या दिवशी वर्गात तेच करून दाखवलं आणि चूक कबूल केली. पण कुणी विचारलंच नाही म्हणून तशाच राहिलेल्या चुका किती असतील?

महाराष्ट्रातल्या शिक्षक भरतीच्या अभियोग्यता चाचणीत २०० गुण असतात: १२० अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. विज्ञान विषयाचा एकही प्रश्न नाही. विज्ञान शाखेची पदवी आणि बी.एड. असलं की भौतिकशास्त्रही येतं, असं धरून चालतात.

लहान शाळेला दोन विज्ञान शिक्षक मिळणार नाहीत, हे मान्य. मग निदान शेजारच्या दोन शाळांनी आपसांत तास वाटून घ्यावेत. तिकडचे भौतिकवाले सर आठवड्यातून दोन दिवस आमच्याकडे आले तर मी आनंदाने त्यांचा जीवशास्त्राचा भाग घेईन.