आमच्या घरचं 'महाभारत'

भाऊ, जेलीफिनमध्ये (आपल्या पीसीवरचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) १९८८चं 'महाभारत' टाकलं तरी पोस्टर अन् भागांची नावं २०१३च्या मालिकेची येऊन राहिली, असं तुम्ही म्हणता. आमच्या घरी अगदी हेच झालं होतं. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, "हा कोणता कृष्ण आणला रे तू?"

फोल्डरला नुसतं 'महाभारत' म्हटलं तर सर्व्हर बिचारा काय ओळखणार? नावापुढे कंसात वर्ष टाका. आत 'सीझन ०१' हा फोल्डर, आणि फाईलच्या नावात एस०१ई०१ असा क्रमांक. हे सगळं इंग्रजी लिपीत अन् इंग्रजी आकड्यांत लिहा बरं. माझ्याकडे 'भाग १२ फुल एचडी' अशा फाईली होत्या. ९४ भागांची नावं बदलण्यात रविवार गेला.

मग मालिकेवरच्या तीन टिंबांवर दाबून 'आयडेंटिफाय' करा, वर्ष पाहून योग्य मालिका निवडा. पुन्हा चुकीचीच मालिका आली तर टीएमडीबीवरचा (सिनेमा-मालिकांची माहिती ठेवणारी वेबसाइट) तिचा क्रमांक फोल्डरच्या नावातच चौकटी कंसात, आधी 'tmdbid-' लावून द्या. हा उपाय मला सगळ्यात पक्का वाटतो. पण भागांचा क्रम तिथे कसा लावलाय ते आधी पाहून घ्या, नाहीतर मालिका बरोबर अन् भाग चुकीचे, अशी गंमत होते.

आणि पूर्ण लायब्ररी स्कॅन, म्हणजे सर्व्हरने सगळ्या फाईली पुन्हा तपासणं, सकाळीच लावा. आपल्या नागपुरात मे महिन्याच्या दुपारी माझा जुना पीसी तर कुलरपुढे ठेवूनही बंद पडतो.